पिचरचे बॉल मोजा : नाशिकच्या बेसबॉल कोच, पीटीच्या सर-मॅडम आणि स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

सरळ मुद्द्यावर येते. येत्या सीझनपासून नाशिक जिल्ह्यात बेसबॉलची जी काही मॅच होईल, शालेय असो, क्लबची असो, निवड चाचणी असो, त्या प्रत्येक मॅचला पिचरने, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्याने, टाकलेला प्रत्येक बॉल मोजला जावा, तो आकडा स्कोअरशीटवर लिहिला जावा आणि वयाप्रमाणे ठरलेली मर्यादा आली की त्या मुलाला माउंडवरून, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून, उतरवावं. मागणी एवढीच आहे. पत्र लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती, कारण यातला निम्मा भाग व्यायामाचा आहे आणि तो तुम्ही उद्याच्या प्रॅक्टिसपासून जवळजवळ फुकटात सुरू करू शकता.

मी स्वतः कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरचे बॉल पकडणारी म्हणून, खेळलेय, आधी सॉफ्टबॉल मग बेसबॉल, आणि आता बरीच वर्षं नाशिकमध्येच फिजिओथेरपी करते. त्यामुळे ही पोरं मला मैदानावर पण दिसतात आणि क्लिनिकच्या टेबलावर पण दिसतात, आणि टेबलावर जी दिसतात ती वयाने लहान होत चाललीयेत, म्हणून हे लिहायला बसले.

एकाचंच सांगते, शाळा-बिळा काही सांगणार नाही कारण कुणा एकाला धरायचं नाहीये. चौदा वर्षांचा मुलगा, वडील बागेतली छाटणी सोडून दिंडोरीकडून त्याला घेऊन आलेले. उजवा हात पूर्ण सरळ होत नव्हता, शेवटी अडकत होता. कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागतं ना, त्यावर मी नुसता अंगठा टेकवला तर त्याने हात झटकन मागे ओढला. वडिलांचं एकच, मॅडम पडला नाही, मार लागला नाही, मग झालं कसं. मी पोराला विचारलं शेवटच्या स्पर्धेत किती बॉल टाकलेस. मॅच किती झाल्या ते त्याला पाठ, स्कोअर पाठ, कुणाला कुठल्या बॉलवर आउट केलं ते पाठ, पण बॉल किती टाकले ते ना त्याला माहीत ना त्याच्या सरांना. दोन दिवसांत चार मॅच, चारही त्यानेच काढलेल्या, आणि मधल्या एका मॅचमध्ये पिचिंग झाल्यावर आराम म्हणून त्याला मिट म्हणजे कॅचरचा जाड ग्लोव्ह घालून कॅचर बसवलेलं. मी सरांना फोन केला, ते म्हणाले मॅडम त्याने एकदा पण सांगितलं नाही दुखतंय म्हणून. आणि सर खरंच बोलत होते. तो सांगणारच नव्हता! टीमला पिचर एकच, पुढे फायनल, जिंकलं तर विभाग मग राज्य, दहावीचे ग्रेस मार्क, घरी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. एवढं सगळं डोक्यावर असताना नववीतलं पोर "सर हात भरून आलाय" म्हणून स्वतःहून खाली उतरेल, ही अपेक्षाच आपण ठेवू नये. मुलाला विचारून ठरवायचं नाही, आकडा बघून ठरवायचं.

आता हे आतमध्ये होतं कसं ते सांगते, कारण "आमच्या वेळी आम्ही दिवसभर टाकायचो, काही झालं नाही" हे वाक्य मला प्रत्येक ग्राउंडवर ऐकायला मिळतं आणि त्याला उत्तर द्यायचं तर थोडं खोलात जावं लागतं.

बेसबॉलचा थ्रो म्हणजे माणसाचं शरीर करू शकतं त्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी एक. मोठ्या वयाच्या चांगल्या पिचरचा खांदा बॉल सोडताना आत फिरतो तो वेग सेकंदाला साधारण ७००० अंश एवढा मोजलाय, म्हणजे तोच वेग सेकंदभर टिकला असता तर हात एकोणीस वेळा पूर्ण गोल फिरला असता. त्याच्या जरा आधी, हात मागे पूर्ण ताणलेला असतो त्या क्षणी, कोपराच्या आतल्या बाजूवर साधारण ६४ न्यूटन-मीटर एवढा पिळा पडतो. तिथे दंडाचं हाड आणि खालचं हाड एकमेकांना धरून ठेवणारं एक लिगामेंट आहे, अल्नर कोलॅटरल लिगामेंट, सगळे त्याला यूसीएल म्हणतात. लॅबमध्ये मृतदेहांवरचं हे लिगामेंट ताणून बघितलं तेव्हा ते सरासरी याच्या निम्म्या ताणालाच तुटलं. मग पिचर प्रत्येक बॉलला हे सहन कसं करतात? तर बाकीचा भार मनगट आणि बोटं वळवणारे फोरआर्मचे मसल उचलतात, त्यांची सुरुवात नेमकी कोपराच्या त्याच आतल्या हाडावरून होते. म्हणजे जोपर्यंत मसल ताजे आहेत तोपर्यंत लिगामेंट वाचतं, आणि मसल थकले की सगळा भार लिगामेंटवर. सगळी गोष्ट या एका ठिकाणी येऊन थांबते. म्हणूनच मला एका मॅचमधला नव्वदावा बॉल आणि दहावा बॉल एकसारखे वाटत नाहीत, स्कोअरशीटवर दोन्ही स्ट्राइक असले तरी.

अमेरिकेत २००६ साली एक अभ्यास आला, ज्यात खांद्याचं नाहीतर कोपराचं ऑपरेशन झालेले शाळकरी पिचर आणि कधीच गंभीर इजा न झालेले पिचर यांची तुलना केलेली. थकलेल्या हाताने नेहमी पिचिंग करणारे ऑपरेशनच्या गटात असण्याची शक्यता ३६ पट निघाली. छत्तीस! वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणारे पाच पट, मॅचला सरासरी ८० पेक्षा जास्त बॉल टाकणारे जवळपास चार पट. बघा, बॉलची संख्या महत्त्वाची आहेच, पण थकवा त्या सगळ्याच्या कितीतरी वर आहे.

आणि लहान मुलांमध्ये अजून एक भानगड असते. वाढत्या वयात हाडांच्या टोकाला ग्रोथ प्लेट असते, ती कच्ची असते, लिगामेंटपेक्षाही कच्ची. त्यामुळे मोठ्या माणसाचं लिगामेंट फाटतं तिथे चौदा वर्षांच्या मुलाचं हाडच ग्रोथ प्लेटपासून ओढलं जातं. याला लिटल लीग एल्बो म्हणतात, खांद्यात झालं तर लिटल लीग शोल्डर. वेळेत पकडलं तर कोपर बहुतेक वेळा थ्रो बंद ठेवून साधारण दीड महिन्यात शांत होतं, खांद्याला तीन महिने वगैरे लागतात. वेळेत पकडलं तर. पण आपल्याकडे आधी स्प्रे, मग पेनकिलर, मग आजीच्या ओळखीच्या हाडवैद्याकडे नेऊन कोपर ओढून घेणं, आणि हे सगळं करून झालं की एक्सरे. कृपा करून ग्रोथ प्लेटवर दुखत असताना कोपर कुणालाही ओढू देऊ नका. आणि एक्सरे काढताना दोन्ही हातांचा काढायला सांगा, म्हणजे डॉक्टरांना चांगल्या कोपराशी ताडून बघता येतं, एकाच हाताच्या एक्सरेत बारीक फरक सुटून जातो.

काही पालक मला विचारतात की ते टॉमी जॉन ऑपरेशन करून घेतलं तर हात आधीपेक्षा फास्ट होतो ना. नाही होत. टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर, १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटातली एक टेंडन काढून कोपरातल्या फाटलेल्या यूसीएलच्या जागी बसवली, त्याचा १९७५ चा आख्खा सीझन गेला, १९७६ ला तो परत आला आणि नंतर १६४ मॅच जिंकला. खूप मोठी गोष्ट आहे, पण ती परत येण्याची गोष्ट आहे, वेग वाढण्याची नाही. आजही या ऑपरेशननंतर मॅचमध्ये पिचिंग करायला बारा ते अठरा महिने लागतात आणि त्यात रोजचा फिजिओ. अकरावीतल्या मुलाचे अठरा महिने म्हणजे त्याचं शालेय बेसबॉल संपलं. आपला रिंकू सिंग आठवतो ना, क्रिकेटवाला नाही, उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू, २००८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमने दिनेश पटेलबरोबर त्याला करारावर घेतलं. सगळ्या पोरांना त्याची ही अर्धी गोष्ट माहितीये. पुढे कोपराच्या इजेने त्याचं पिचिंग थांबलं आणि तो कुस्तीच्या शोकडे गेला, ती अर्धी पण सांगत जा त्यांना.

तर मोजायचं किती? अमेरिकेतली सगळ्यात मोठी बेसबॉल लीग म्हणजे मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून पिच स्मार्ट नावाचे नियम काढलेत, वयाप्रमाणे. एका दिवसात जास्तीत जास्त, ११-१२ वयाला ८५, तेरा ते सोळा ९५, १७-१८ ला १०५. पण खरा जीव पुढच्या भागात आहे, विश्रांतीत. १३-१४ वयाच्या मुलाने २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं, २१ ते ३५ झाले तर एक दिवस सुट्टी, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, ६६ झाले की चार दिवस सुट्टी. १५-१६ ला हेच टप्पे ३०, ४५, ६०, ७५ आणि त्यापुढे चार दिवस. एकाच दिवशी दोन मॅचमध्ये पिचिंग नाही. पिचर झाल्यावर त्याच मॅचला कॅचर नाही, कारण पिचरनंतर सगळ्यात जास्त थ्रो कॅचरचेच होतात, मी ते काम केलंय, त्यात आराम कसला. आणि वर्षातून किमान चार महिने थ्रो बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्याकडच्या चौदा वर्षांखालच्या मुलांना ९५ पण जास्त आहेत, मी ७५ ला थांबवीन. तिकडचं पोर पाच-सहा वर्षांचं असल्यापासून बॉल टाकत असतं, आपलं पोर सातवी-आठवीत पहिल्यांदा ग्लोव्ह घालतं आणि तीन महिन्यांत जिल्ह्याला पिचिंग करतं. हात तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो.

मला माहितीये तुम्ही म्हणाल मॅडम चार दिवस सुट्टी द्यायला आमच्याकडे स्पर्धाच दोन दिवसांची असते. बरोबर आहे, अडचण तिथेच आहे आणि ती कोचच्या हातात नाही. म्हणून पत्र स्पर्धा भरवणाऱ्यांना पण आहे. ग्राउंड मिळत नाही, शाळा सोडायला तयार नसतात, अंपायरचं मानधन, बसचं भाडं, सगळं समजतं. मग स्पर्धा दोन दिवसांचीच ठेवा पण नियमात एक ओळ घाला, एका पिचरला एका दिवशी एकच मॅच, आणि आख्ख्या स्पर्धेत मिळून त्या वयाच्या एका दिवसाच्या मर्यादेपेक्षा जास्त बॉल नाहीत. ही ओळ आली की प्रत्येक शाळेला तीन पिचर तयार करावेच लागतील. ही ओळ नसेल तर जो कोच इमानदारीत आपला पिचर काढेल तो हरेल आणि जो पोराला रगडेल तो जिंकेल, मग कोण काढणार? एकट्या कोचवर हे सोडणं त्याच्यावर पण अन्याय आहे. तीन पिचर आणायचे कुठून असं वाटत असेल तर तुमचा शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर बघा, थर्ड बेसचा बघा, लांबून सरळ थ्रो करणारी पोरं तिथे उभीच असतात.

जपानचं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण जिद्द, सोसणं, टीमसाठी मरणं हे जपानच्या शालेय बेसबॉलमध्ये आपल्यापेक्षा शंभर पटीने आहे. तिथे कोशिएन म्हणून शाळांची राष्ट्रीय स्पर्धा होते, आख्खा देश बघतो. २०१३ च्या वसंतातल्या स्पर्धेत तोमोहिरो अनराकू या सोळा वर्षांच्या पोराने पाच मॅचमध्ये ७७२ बॉल टाकले. २०१८ च्या उन्हाळ्यात कोसेई योशिदाने ८८१ टाकले, आणि त्याची शाळा फायनलपर्यंत गेली म्हणून त्याला डोक्यावर घेतलं. पण त्यानंतर तिथेही लोकांना वाटायला लागलं की हे चुकतंय, आणि २०२० पासून त्यांच्या फेडरेशनने आठवड्याला ५०० बॉलची मर्यादा आणली. माझ्या मते ५०० पण खूप झाले, पण जिथे हा सोसण्याचा मान सगळ्यात मोठा तिथे नियम बदलला, मग आपल्याला काय हरकत आहे.

आता व्यायामाकडे येते. यावर मला खूप बोलायचंय कारण इथे आपण मुलांना एकतर काहीच करायला लावत नाही नाहीतर चुकीचं करायला लावतो.

पहिलं, वेट मारले की उंची खुंटते हे डोक्यातून काढून टाका. नीट शिकवणारं कुणी समोर असेल आणि वजन झेपेल एवढं असेल तर वाढत्या वयातल्या मुलांना स्ट्रेंथ ट्रेनिंग सुरक्षित आहे, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही हे स्पष्ट सांगितलंय. अडचण वेगळीच आहे. सिडको, सातपूर, कॉलेज रोड, कुठल्याही जिममध्ये जा, सोळा-सतरा वर्षांची पोरं चेस्ट आणि बायसेप मारताना दिसतील, आरशात जे दिसतं तेवढंच. थ्रोमध्ये पुढचे मसल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि खांद्याच्या मागचे मसल म्हणजे ब्रेक. बॉल हातातून सुटला तरी हात त्याच वेगाने पुढे चाललेला असतो आणि त्याला क्षणात थांबवायचं काम रोटेटर कफचे म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे छोटे मसल आणि पाठीवरच्या त्या त्रिकोणी चपट्या हाडाभोवतीचे मसल करतात. पुढचं वाढवत गेलात आणि मागचं तसंच ठेवलंत तर खांदा जाणारच.

यासाठी लागतं काय, एक सायकलची जुनी ट्यूब. पंक्चरवाल्याकडून फुकट मिळते. व्हॉल्व्हचा तुकडा कापून टाका, ट्यूब उभी चिरून लांब पट्टी करा, ती खांबाला किंवा जाळीला कोपराच्या उंचीवर पक्की बांधा. उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलाची डावी बाजू खांबाकडे. उजवं कोपर काटकोनात, बरगडीला लागलेलं, आणि कोपर आणि बरगडीच्या मध्ये घडी केलेला नॅपकिन. पट्टीचं टोक उजव्या मुठीत, मूठ पोटासमोर. आता मूठ बाहेरच्या बाजूला फिरवायची, दोन आकडे मोजत बाहेर आणि चार आकडे मोजत परत, नॅपकिन पडला तर तो मोजायचा नाही. परत येताना जे हळू सोडायचंय ना त्यातच सगळं आहे, कारण ब्रेकचं काम तेच आहे, पोरं बाहेर जोरात ओढतात आणि परत येताना सोडून देतात, तिथे तुम्ही उभं राहायला हवं. पंधरा वेळा, दोन सेट, आधी सोपी पट्टी. दहाव्याला मान आखडायला लागली किंवा खांदा कानाकडे चढायला लागला तर पट्टी जड आहे, लांब धरा. मग तोंड खांबाकडे करून दोन्ही हातांनी रोइंग, कोपरं मागे नेऊन पाठीवरची ती दोन हाडं एकमेकांकडे आणायची. मग पोटावर झोपून हात इंग्रजी वाय (Y) अक्षरासारखे वर, अंगठे आकाशाकडे, वजन काही नाही, पाच सेकंद धरायचं. बघायला एवढंसं वाटतं, पण जिममध्ये जाणारा सतरा वर्षांचा मुलगा बाराव्याला थरथरतो.

दुसरं म्हणजे जोर. आपल्या तालमीतला व्यायाम आहे, आणि पिचरला खरंच उपयोगाचा आहे, फक्त वर आल्यावर हात सरळ झाले की तिथे न थांबता जमिनीला अजून ढकलून पाठ थोडी वर उचलायची. त्या शेवटच्या ढकलण्याने बरगडीवरचा सेरेटस नावाचा मसल काम करतो, हात डोक्याच्या वर जातो तेव्हा पाठीवरचं ते हाड बरगडीला धरून फिरवायचं काम त्याचं. मोजके जोर, पण असे.

फोरआर्मसाठी घरातली बादली घ्या, त्यात कोपराखालपर्यंत हात जाईल एवढे तांदूळ नाहीतर ज्वारी. आत हात घालून मूठ उघडायची-मिटायची, मनगट दोन्ही बाजूला फिरवायचं, तीस सेकंद, थोडं थांबून परत. वर सांगितलेले लिगामेंटला वाचवणारे मसल हेच.

आणि पाय! थ्रोची ताकद पायातून येते, तिथून कंबर, मग पोट-पाठ, मग खांदा, कोपर सगळ्यात शेवटी. खाली ताकद कमी पडली की ती हातातून काढली जाते. बैठका चांगल्या आहेत पण त्या दोन पायांवरच्या, आणि पिचिंग एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणारं काम. म्हणून लंज म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून खाली जाणं, एका पायावर उभं राहून पुढे वाकून परत येणं, बाजूला उडी मारून एका पायावर स्थिर उतरणं. मी नवीन पोराचा हात बघायच्या आधी त्याला एका पायावर उभं करून अर्धी बैठक मारायला सांगते, गुडघा आत पडला की कळतं कोपर का दुखतंय.

हे सगळं आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास पुरे. मॅचच्या आदल्या दिवशी नाही.

आता इन्स्टाग्रामच्या रील्सवर जे चाललंय त्याबद्दल. जड बॉल भिंतीवर आपटायचे, दीड-दोन किलोपर्यंतचे, आणि म्हणे वेग वाढतो. २०१८ मध्ये तेरा ते अठरा वयाच्या पिचरवर सहा आठवड्यांचा प्रयोग झाला, जड बॉलवाल्या गटाचा वेग वाढला हे खरं, पण त्याच गटातल्या २४ टक्के मुलांना इजा झाली आणि साध्या बॉलवाल्या गटात एकालाही नाही. मोठ्या पिचरने तज्ज्ञाच्या नजरेखाली करणं वेगळं, आपल्या नववीतल्या मुलाने मोबाइल बघून करणं वेगळं. आणि एक गोष्ट आपल्याकडचीच, बेसबॉल महाग पडतो म्हणून प्रॅक्टिसला क्रिकेटचा सीझन बॉल देतात. बेसबॉल साधारण १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा १५६ ते १६३. थोडाच जड, पण दिवसभर त्यानेच पिचिंग केलं तर फरक पडतो. फिल्डिंगला वापरा, पूर्ण जोराच्या पिचिंगला नको. तोच मुलगा सकाळी क्रिकेटला फास्ट बोलिंग आणि संध्याकाळी बेसबॉलला पिचिंग करत असेल, वर भालाफेकीत पण नाव दिलेलं असेल, तर तो हात एकच आहे, तिन्ही सरांनी एकमेकांशी बोला.

कर्व्हबॉल म्हणजे हवेत वळून खाली पडणारा बॉल, त्याबद्दल पण विचारतात. लॅबमधल्या मोजमापात कर्व्हचा कोपरावरचा ताण फास्टबॉलपेक्षा जास्त निघालेला नाही, त्यामुळे एकट्या कर्व्हला दोष देऊन उपयोग नाही. तरी आधी फास्टबॉल नीट, मग चेंजअप म्हणजे त्याच हालचालीने टाकलेला हळू बॉल, कर्व्हची घाई चौदाच्या आत नको असं मी म्हणेन.

सॉफ्टबॉलच्या मुलींना यात विसरू नका. अंडरआर्म आहे म्हणून हाताला काही होत नाही हा गैरसमज खूप खोल आहे आणि त्यामुळे मुलींना दिवसात तीन-तीन मॅच टाकायला लावतात. हात पूर्ण गोल फिरवून टाकायच्या विंडमिल पिचिंगमध्ये खांद्याला ओढणारा ताण बेसबॉलच्या पिचरच्या जवळपास जातो आणि दंडाच्या पुढच्या बायसेपच्या टेंडनवर तर खूपच येतो. माझ्याकडे येणाऱ्या मुली कोपर नाही, खांद्याचा पुढचा भाग दाखवतात. त्यांचे पण मोजा.

वॉर्मअप. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याची बातमी आपण चहा पिताना वाचतो आणि त्याच सकाळी सात वाजता ग्राउंडवर पोरं स्वेटर काढून पहिला थ्रो पूर्ण जोराने मारतात. आधी पळा, घाम येऊ द्या, लंज, हाताचे गोल, ट्यूब, मग जवळून हलके थ्रो, मग लांबून, मग माउंड. दोन इनिंगच्या मध्ये बॅटिंग लांबली तर पिचरच्या अंगावर जॅकेट असू द्या.

सुट्टीचं पण आपल्याकडे उलटं होतं. मार्चपासून परीक्षा, मग उन्हाळी शिबिरं, म्हणजे ज्या दोन-तीन महिन्यांत हाताला सलग विश्रांती मिळाली असती तेव्हाच आपण पिचिंगचा कॅम्प लावतो. एप्रिल-मेमध्ये कॅम्प जरूर घ्या पण त्यात पळणं, पाय, ट्यूब, बॅटिंग असं ठेवा, पिचिंग नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या की हलके थ्रो सुरू करा आणि हळूहळू वाढवत न्या, म्हणजे पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू होईपर्यंत हात तयार होतो.

मॅचमध्ये काय बघायचं ते कॅचरला विचारा, त्याला सगळ्यात आधी कळतं. बॉल वरवर जायला लागतात, कोपर खांद्याच्या खाली उतरतं, दोन बॉलच्या मध्ये पिचर हात झटकतो, टोपी नीट करतो, वेळ काढतो, मिटमध्ये पडणारा आवाज मऊ होतो. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की आकडा चाळीस असला तरी काढा. आकडा ही वरची मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचायलाच हवं असं नाही.

मोजायला काही लागत नाही. स्कोअररच्या शेजारी प्रत्येक टीमचा एक राखीव खेळाडू बसवा, पाच-पाच रेघांचे गठ्ठे मारत, प्रत्येक इनिंगला दोघांनी आकडा जुळवायचा आणि अंपायरला सांगायचा. मी एक साधा मराठी तक्ता केलाय, एका पानाचा, वर मुलाचं नाव आणि जन्मतारीख, खाली दिवस, मॅच, बॉल आणि पुढचा कधी टाकू शकतो ती तारीख. झेरॉक्स काढा, हवा तसा बदला, माझं नाव टाकायची गरज नाही.

माझी विनंती एवढीच की पुढच्या जिल्हा स्पर्धेच्या आधी टीम मॅनेजरची मीटिंग होईल त्यात हा विषय घ्या आणि मला अर्धा तास द्या. पंचवटी, नाशिकरोड, देवळाली, मालेगाव, कुठेही ठेवा, मी येते. तक्त्याच्या कॉप्या आणि चिरलेल्या ट्यूब मी सोबत आणेन, प्रत्येक शाळेला एक मिळेल एवढ्या.

कळावे,
आपली,
एक जुनी कॅचर, आता फिजिओ
नाशिक